धुलाई खात्यातला साबण

९ मार्च

चिंगे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर हा विषय निघाला की तुझा दादा टीव्हीचा आवाज कमी करून कान टवकारतो आणि आई स्वयंपाकघरातून "काय झालं, काय झालं" करत बाहेर येतात. शिवाय फोनवर मला रडू येतं. लिहिताना निदान दातओठ खाता येतात.

गेल्या सोमवारी भिंगरीला शाळेत रक्त जायला लागलं. बाईंना वाटलं घसरगुंडीवर लागलं असेल, म्हणून त्यांनी तिला खुर्चीवर बसवून गुडघे तपासले. गुडघे ठीक होते. मग त्यांना कळलं, आणि मला बोलावून घेतलं. पोरगी ऑफिसातल्या बाकावर दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय, तर "आई, मी काही तोडलं नाही." चिंगे, तिला अजून आठवं पूर्ण नाही. दुधाचे दातसुद्धा सगळे पडले नाहीत तिचे.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हल्ली होतं असं. नंतर विचारलं, "काय खायला देता हिला?" घरी आले तर आई म्हणाल्या, "मी सांगत होते, फार लाड करू नकोस खाण्यापिण्याचे." तुझा दादा म्हणाला, "बाहेरचं बंद करू या." म्हणजे सगळ्यांच्या लेखी गुन्हेगार एकच, जिच्या हातात पळी आहे ती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता ऐक. नव्या सत्राचे गणवेश शिवायला सध्या माझ्याकडे रांग लागली आहे. यंदा आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या कितीतरी आया माप देताना पोरीला बाहेर पाठवतात आणि हळू आवाजात सांगतात, "जरा छातीत सैल ठेवा हं." दुसरीतल्या पोरी, तिसरीतल्या पोरी. मी मुकाट्याने सैल शिवत होते. मला वाटायचं, त्यांचं त्यांना. आता ते माझ्याच घरात आलं आहे, आणि या सगळ्या घरांत मी काही स्वयंपाकाला जात नाही. सगळ्यांत मिळून एकच गोष्ट आहे, नळाचं पाणी.

तू जलविभागाच्या प्रयोगशाळेत आहेस. आमच्या गावचं पाणी तुझ्याच टेबलावर येतं. सांग, काय आहे त्यात?

वहिनी

१७ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. भिंगरीचं ते "मी काही तोडलं नाही" डोक्यातून जात नाही. तिला माझा पापा दे आणि सांग की तिच्या आत्याच्या मते तिने कधीच काही तोडलेलं नाही. माझा चष्मासुद्धा नाही.

इंजेक्शनबद्दल डॉक्टर बोलल्या असतील. महिन्यातून एकदा द्यावं लागतं. शरीराची घाई त्याने थांबते, उंची खुंटत नाही. घाबरू नकोस, सुरू कर.

पाण्याबद्दल. तुमच्या गावचे नमुने मी दर महिन्याला तपासते. गढूळपणा, जंतू, क्लोरीन, धातू, सगळं मर्यादेत आहे. गेली कित्येक वर्षं आहे. तू ज्याबद्दल विचारतेस, म्हणजे हार्मोनसारखं वागणारं काही, ते आमच्या तपासणीच्या यादीतच नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आमच्याकडे नाही. पाणी प्रमाणाप्रमाणे पिण्यास योग्य आहे, एवढंच मी अधिकाराने सांगू शकते.

वहिनी, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. लवकर वयात येण्याला पन्नास कारणं असतात. शिवणकामाच्या मापांवरून निष्कर्ष काढता येत नाहीत. आणि दादा त्याच कारखान्यात आहे, तुमचं घर कारखान्याचं आहे, हेही जरा ध्यानात ठेव. पिण्याचं पाणी शक्यतो प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवू नकोस, तेवढं मात्र कर.

तुझी चिंगी

२२ मार्च

प्रयोगशाळाबाईंना,

तुमचं पत्र पावलं. वाचून कळलं की जे शोधलंच नाही ते सापडलेलं नाही. हे सांगायला एवढं शिक्षण लागतं हे मला माहीत नव्हतं. तुझ्या शिक्षणासाठी तुझ्या दादाने जादा पाळ्या केल्या, आणि तू मला "अधिकाराने" पत्र लिहितेस? असली उत्तरं तुझ्या साहेबांना लिही, मला नकोत.

काल पहिलं इंजेक्शन झालं. मांडीत देतात, जाड सुई असते. तिने हूं की चूं केलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "आता मी परत लहान झाले का?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तू कारखान्याचं ध्यानात ठेव म्हणालीस, तर ठेवलं. परवा मुद्दाम पुलावरून चालत गेले. धुलाई खात्याचा नाला जिथे नदीत पडतो तिथे फेसाची गादी तरंगत होती, आणि आपला पाणी उचलायचा पंप त्या गादीपासून हाकेच्या अंतरावर, खालच्या अंगाला. पंपावरच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "फेस वरवर असतो, आपण तळातून ओढतो." म्हणजे फेसाला पोहता येतं, बुडता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मला हसू आलं नाही.

कापड धुवायला तुझ्या दादाच्या खात्यात पिंपांनी साबण लागतो. दादा तिथला मुकादम. त्याला विचारलं की त्या साबणात काय असतं. म्हणाला, "साबण असतो." मग पेपर तोंडासमोर धरला.

तुझ्याकडे यंत्र नाही ना? मग ज्याच्याकडे आहे त्याला विचार. तू नाही विचारलंस तर मी विचारेन, पण मला त्यांची भाषा येत नाही आणि ते मला दारातूनच परत पाठवतील. तुला दारातून परत पाठवणार नाहीत. एवढा तुझा उपयोग मला हवा आहे. गोड बोलायला मला इथे शेजारणी आहेत.

वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला. तिसऱ्या दिवशी माझा आला.

विद्यापीठात माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे ते यंत्र आहे. ती तपासून देईल. अहवाल तिच्या नावाने निघेल, माझं नाव कुठेही येता कामा नये. आमच्या साहेबांना कळलं की खात्याचं माणूस खात्याच्याच पाण्यावर बाहेर तपासणी करून घेतंय, तर मला फायली लावायला बसवतील. एवढी भीती मला आहे, तू हसलीस तरी चालेल.

सोबत खोक्यात तीन तपकिरी काचेच्या बाटल्या आहेत. झाकणाखाली चांदीचा कागद आहे, तो काढू नकोस. एक बाटली घरच्या नळाची. दुसरी वरच्या पुलाजवळची, कारखान्याच्या कितीतरी आधी, तिथे पाणी स्वच्छ असायला हवं. तिसरी नाल्याच्या खाली, पंपाजवळची. काठोकाठ भर, बर्फाच्या पेटीत ठेव आणि त्याच दिवशी गाडीने पाठव.

ज्या पदार्थाचा मला संशय आहे तो फेस करणाऱ्या काही औद्योगिक साबणांत असतो. नदीत त्याचे तुकडे होतात, आणि त्यातला एक तुकडा शरीराला बाईच्या हार्मोनसारखा वाटतो. शरीर फसतं. कणभर पुरतं.

चिंगी

१४ एप्रिल

चिंगे,

आता कशी माझी नणंद शोभतेस! बाटल्या आज सकाळच्या गाडीने पाठवल्या. वरच्या पुलाला भिंगरीला घेऊन गेले होते. तिला सांगितलं, आत्याला नदी बघायची आहे, म्हणून आपण नदी पाठवतोय. तिने बाटलीला कान लावून बघितला.

तुझ्या बाटल्यांना मात्र कसलातरी औषधी वास येत होता, आणि बाहेरून वाटेतल्या धुळीने माखल्या होत्या. तुला काय वाटलं, मी तशाच भरेन? माझ्या घरातून घासल्याशिवाय भांडं बाहेर जात नाही. दादा कारखान्यातून आणतो त्या साबणाने आतबाहेर दोनदा घासल्या, खळखळून विसळल्या, उन्हात पालथ्या घातल्या. चांदीचे कागद पुसून परत बसवले. अशा लखलखत होत्या की तुझ्या मैत्रिणीने नाव काढावं.

इथली बातमी. मी चार आयांशी बोलले. पहिल्यांदा सगळ्यांनी हात वर केले. "आमच्याकडे तसलं काही नाही" असं म्हणत दार लावून घेतलं. मग एकजण मागच्या दाराने आली आणि पाण्याचा ग्लास हातात धरून ढसाढसा रडली. तिच्या मुलीला सहाव्या वर्षी सुरू झालं. तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. शरमेने तोंडाला कुलूप घालून बसली होती, जणू सहा वर्षांच्या पोरीनेच काही चाळे केले. तिच्यामागोमाग आणखीही आल्या. आता आम्ही नऊजणी आहोत.

तुझ्या दादाला बाटल्यांचं कळलं. जेवला आणि उठला.

वहिनी

११ मे

वहिनी,

अहवाल आला. आकडे बघून मैत्रिणीने मला फोन केला आणि आधी विचारलं, "तू बसली आहेस ना?" तिन्ही बाटल्यांत तो पदार्थ आहे, आणि थोडाथोडका नाही. नाल्याच्या खालच्या बाटलीत भयंकर आहे. वरच्या पुलाच्या बाटलीतही जवळपास तेवढाच आहे, म्हणजे वर आणखी कोणीतरी सोडत असणार. आणि घरच्या नळाला! वहिनी, तुमच्या नळाला!

मी वर्षानुवर्षं त्या पाण्यावर "पिण्यास योग्य" असा शिक्का मारते आहे. माझ्याच भाचीच्या पेल्यावर तो शिक्का मारत होते. साहेबांच्या टेबलावर अहवाल आपटावासा वाटला, पण नाव माझं नाही, म्हणून कपाटात ठेवला. संताप झाला आहे नुसता.

अहवालाची प्रत सोबत आहे, पण ती कोणाला दाखवू नकोस. अशी तपासणी एकदा करून भागत नाही, दुसऱ्यांदा करून बघावी लागते. मी पुढच्या महिन्यात पुन्हा बाटल्या पाठवते. तोवर धीर धर. पाणी लांबच्या विहिरीवरून आणता येतंय का बघ.

चिंगी

२० मे

चिंगे,

धीर धरला नाही. धरवला नाही. अहवाल हातात आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेची सभा होती. आम्ही नऊजणी गेलो. मी कागद उंच धरून वाचून दाखवला. इंजिनियर साहेबांचा चेहरा पांढरा पडला, आणि मला वाटलं, झालं, आता आपलं काम झालं.

मग कारखान्याचे केमिस्ट साहेब उठले. शांतपणे, हसत. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, बाटल्या कशाने धुतल्या होत्या?"

मी काय करावं? मी मान ताठ करून सांगितलं! "आमच्या घरच्या साबणाने, दोनदा, लख्ख." ते सभेकडे वळून म्हणाले, "घरचा म्हणजे आमच्याच धुलाई खात्यातला. कामगारांना आम्ही दर महिन्याला डबा देतो. त्या साबणात हाच पदार्थ असतो. बाटल्यांना चिकटून राहिला, अहवालात आला. म्हणून तर वरच्या पुलाच्या स्वच्छ पाण्यातही सापडला. ताईंनी नदी तपासली नाही, स्वतःची भांडी तपासली." सगळं सभागृह हसलं. माझ्याबरोबर आलेल्यांतल्या दोघी मान खाली घालून हसल्या. मी त्यांचे गणवेश शिवते, चिंगे!

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी येताना एक बाई म्हणाली, "उगाच पोरींची नावं चव्हाट्यावर आणली." तिचं चुकलं नाही.

पण तुझं चुकलं. बाटल्या धुऊ नकोस एवढं एक वाक्य लिहायला तुला काय झालं होतं? तुमच्याकडे सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून माझ्याही घरात माहीत असेल? कुठली बाई आलेली बाटली न धुता भरते? मी तर तुला पत्रात साबणासकट सगळं कळवलं होतं. तू ते वाचलंस, आणि वरच्या पुलाचा आकडा बघूनही तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भर सभेत माझी शोभा झाली आणि तिकडे तुझं नाव मात्र कागदावर नाही. छान आहे.

पुन्हा बाटल्या पाठवू नकोस. मी भरणार नाही.

वहिनी

२६ मे

वहिनी,

तुझी प्रत्येक शिवी बरोबर आहे. वरच्या पुलाच्या आकड्यावरच मी थांबायला हवं होतं, पण मी इतकी भडकले होते की आकडा जितका मोठा तितका मला खरा वाटला. त्याबद्दल तू मला समोर बसवून बोल, मी ऐकून घेईन.

पण आता हे पत्र खाली ठेवू नकोस. तो माणूस काय बोलला ते परत वाच.

"त्या साबणात हाच पदार्थ असतो." भर सभेत बोलला. इंजिनियरांसमोर बोलला, आणि सभेचं टिपण ठेवतात. वहिनी, हा कारखाना दर वर्षी आमच्या खात्याला लिहून देतो की असला साबण आम्ही वापरतच नाही. ते कागद मी स्वतः पाहिले आहेत. म्हणून तर तो पदार्थ आमच्या यादीत नाही! तुझं हसं करायच्या नादात त्याने स्वतःच्या साहेबांचं खोटं चार लोकांत उघडं पाडलं, आणि सगळे तुझ्याकडे बघून हसत राहिले. रागाने माझे कान तापले आहेत.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लिहिताना माझ्या जिवाचं पाणी होतंय. तो डबा तुझ्या ओट्यावर आहे. भिंगरीची ताटली, पेला, दुधाची वाटी तू त्यानेच घासतेस. अख्खे क्वार्टर्स घासतात. बाटल्यांना विसळूनही जेवढा चिकटला, तेवढा ताटलीला चिकटत असेलच. आजपासून बंद कर. आजपासून म्हणजे हे पत्र खाली ठेवायच्या आधी.

मी रजा टाकली आहे. बाटल्या मी स्वतः घेऊन येते आणि स्वतः भरते, इंजिनियरांना शेजारी उभं करून.

चिंगी

१२ जून

चिंगे,

तू नमुने घेऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते तुला लिहायलाच हवं. तू इथे असताना तुझा दादा गप्प होता, तू गेल्यावर बोलला.

डबा बंद केला हे त्याने पाहिलंच होतं. कारण विचारलं नव्हतं. रविवारी भिंगरी टबात बसून ओरडायला लागली, "बाबा, ढग कर ना." तुला माहीत नसेल, रविवारची आंघोळ ती त्याच्याकडून करून घेते. त्या साबणाचं टोपणभर टाकून तो हाताने घुसळतो आणि टबात तिच्या गळ्यापर्यंत फेस उभा करतो. ती त्याला ढग म्हणते. तान्ही होती तेव्हापासून करतो तो हे. धुलाई खात्यातल्या फेसाचा त्याला अभिमान होता, आपला फेस दुकानातल्या साबणासारखा लगेच बसत नाही म्हणून.

मी तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने टबाशेजारी उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं असणार, कारण पोरगी पाण्यात गारठली तरी त्याला कळलं नाही. मग त्याने तिला साध्या पाण्याने आंघोळ घातली, केस पुसले, कपडे घातले, आणि डबा उचलून ओतायला निघाला. मी आडवी गेले. म्हटलं, "कुठे ओततोस? नाल्यातून नदीत आणि नदीतून नळातच येणार ना?" तो डबा हातात धरून घरभर फिरला. चिंगे, तो ओतायला जागाच नाही. सध्या झाकण लावून गॅलरीत ठेवला आहे.

मला त्याची दया आली नाही. लिहून ठेवते, आली नाही. मी म्हटलं, "पेपर तोंडासमोर धरून बसलास तेव्हा तुला काय माहीत होतं?" म्हणाला, साबण वाईट असेल असं कधी मनात आलं नाही, फेस म्हणजे स्वच्छ असंच वाटायचं. पण दुसरं एक माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी टाक्या धुतात तेव्हा सगळं पाणी कारखान्याच्या शुद्धीकरणाकडे न नेता सरळ नाल्यात सोडतात. झडप तोच उघडतो. वरून सांगतात, तो उघडतो. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. आई मध्ये पडायला आल्या तर त्यांनाही बोलले.

शेवटी तो म्हणाला, "पुढच्या सभेला मी येतो." मी म्हटलं, घर जाईल. म्हणाला, "जाऊ दे."

वहिनी

८ जुलै

वहिनी,

या वेळी कोणी विचारू दे बाटल्या कशाने धुतल्या.

वरच्या पुलाजवळ काही नाही. शून्य. नाल्याच्या खाली भरपूर आहे. घरच्या नळाला त्याच्या मानाने कमी, पण आहे. तुमचं शुद्धीकरण केंद्र जंतू मारतं, याला अडवत नाही. अहवालाखाली मैत्रिणीबरोबर माझी सही आहे, माझ्या हुद्द्यासकट. साहेबांनी बोलावून विचारलं, "हे तुझं काम होतं का?" मी म्हटलं, माझं नसेल तर मग कोणाचं होतं? ते चिडले. सोमवारपासून फायली लावते आहे.

एक गोष्ट तुला आधीच सांगते, नाहीतर सभेत ते सांगतील आणि तुला धक्का बसेल. भिंगरीला जे झालं ते याच पाण्याने किंवा त्या डब्याने झालं, असं मी लिहू शकत नाही. कोणीच लिहू शकणार नाही. एका मुलीबद्दल तसं सिद्ध होत नाही, कधीच होणार नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. त्यांनी तेवढ्याच आधारावर सगळं चालवलं आहे. पाण्यात हे आहे, ते यांनी सोडलं, आणि लिहून दिलं की सोडत नाही. इतकंच सिद्ध होतं. इतकंच घेऊन जा, आणि तेवढ्यावर भांड.

चिंगी

३० जुलै

चिंगे,

आधी बातमी, मग भांडण.

पंप बंद झाला. आता वरच्या पुलापासून टँकरने पाणी येतं, रोज रांग असते. धुलाई खात्याला तूर्त कुलूप आहे. किती दिवस ते कोणी सांगत नाही, आणि चौकशी बसली आहे म्हणजे ती बसूनच राहील असं मला वाटतं. तुझ्या दादाला कामावरून कमी केलं. पुढच्या महिनाअखेर घर सोडायचं आहे. धुलाई खात्यातली माणसं घरी बसली, त्यामुळे निम्मे क्वार्टर्स आमच्याशी बोलत नाहीत. टँकरच्या रांगेत माझी बादली कोणीतरी लाथेने सरकवली. मी ती परत जागेवर ठेवली आणि तिथेच उभी राहिले. शिवणयंत्र घेऊन तुझ्या गावात येतो आहोत, खोली बघून ठेव. भिंगरीची इंजेक्शनं तिकडेच घेऊ, अजून बरीच आहेत. शेवटच्या वेळी सुई बघून ती कपाटामागे लपली होती. तिला बाहेर काढायला दोघी नर्स लागल्या. ती ओरडत होती ते मला बरं वाटलं. ओरडू दे तिला.

आता सभेचं. मी तुझा अहवाल वाचला. माझ्या शेजारी या वेळी पाचच जणी होत्या. दादाने झडपेचं सांगितलं, ती उघडायला कोण लावायचं तेही सांगितलं. केमिस्ट साहेब या वेळी हसत नव्हते, पण तू म्हणालीस तेच बोलले. एका तरी मुलीबद्दल सिद्ध करा म्हणाले. मी म्हटलं, सिद्ध तुम्ही करा की तिला काही होणार नाही. तेव्हा त्यांनी टेबलावरचा जग उचलला. नळाचं पाणी होतं. सगळ्यांना दिसेल असा ग्लास भरला आणि एका दमात प्यायले. ग्लास उलटा करून दाखवला. म्हणाले, "वीस वर्षं हेच पितोय. काय झालं मला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, चिंगे. आपल्याच नळाचं पाणी पिणाऱ्या लोकांनी. मला वाटलं, पुन्हा तेच होणार, पुन्हा हसणार सगळे.

तुझा दादा अजून उभाच होता. आवाज चढवला नाही. टाळ्या थांबेपर्यंत थांबला.

"प्या साहेब," म्हणाला, "हवं तेवढं प्या. तुमची वाढ कधीच होऊन गेली. माझ्या मुलीची व्हायची होती."

वहिनी